फुलं आतून, बटणं बाहेरून

वत्सलाबाईंच्या मिलिंदचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो होतो. "दादा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, एक बाई कुणाला तरी पाणी विचारत होती. मी हातातलं पुस्तक मिटलं. तेवढ्यात मनात आलं ते फार साधं होतं : आता मला 'धोंडी' म्हणणारी एकच व्यक्ती उरली, माझी माय. कॉलेजात मी सर आहे, घरी बाबा आहे. धोंडी मी हिंगोली जिल्ह्यात दोनच घरी होतो. एक आमचं, आणि दुसरं कळमनुरीतलं वत्सलाबाईंचं.

वत्सलाबाई कळमनुरीत मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त होऊन त्यांना फार वर्षं झाली होती, तरी गावात त्यांची ओळख 'शिवणाच्या बाई' हीच राहिली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज नातवंडांची कौतुकं सांगण्याच्या वयात आहेत. त्यातली कुणी भेटली की आधी हसते आणि मग बाईंचा राग आठवते. टाका वाकडा आला की बाई ओरडत नसत. ते कापड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरत आणि म्हणत, "हे बघा गं पोरींनो, हिच्या टाक्याला घरची आठवण येऊन राहिली. रस्ता सोडून कुठं निघालाय बघा." साऱ्या वर्गात हशा पिकायचा आणि ती मुलगी जन्मभर सरळ शिवायची. शाळेशिवाय बाजाराच्या दिवशी बाई स्वतःच्या ओसरीवर मशीन मांडून बसायच्या. लहान मुलांचेच कपडे शिवायच्या. मोठ्यांचे कपडे त्यांनी कधी घेतले नाहीत. मोठी माणसं मापं देताना पोट आत ओढतात, असं त्यांचं म्हणणं.

आमचं गाव कळमनुरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरी शेळ्यामेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. माझ्याआधी मायला दोन मुलगे झाले होते. दोघंही वर्षाच्या आत गेले. मी पोटात असताना मायने गावाबाहेरच्या देवीला नवस केला : हे पोरगं जगू दे, त्याचे दुधाचे दात पडेपर्यंत मी त्याला पोरीच्या वेषात ठेवीन. आमच्याकडे असे नवस तेव्हा नवे नव्हते. मुलगा आहे हे कळलं तर नजर लागते, म्हणून त्याला झगा घालायचा, केस वाढवायचे, नाव धोंड्याबिंड्या ठेवायचं, म्हणजे न्यायला आलेलं जे कुणी असेल ते फसून माघारी जातं. म्हणून मी धोंडीराम. माझ्या अंगात छिटाचा झगा, केसांची वेणी आणि पायात चाळ. लहान होतो तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. झग्याला घेर असतो, त्यात बोरं भरून आणता येतात.

अडचण शाळेची आली. दुधाचे दात पडायला अजून अवकाश होता आणि शाळेत नाव घालायची वेळ झाली होती. गावातल्या शाळेचे मास्तर घरी येऊन नाव लिहून घेऊन गेले. पहिल्या दिवशी माझे वडील, आबा, मला झग्यात शाळेपर्यंत घेऊन गेले. फाटकाशी उभ्या पोरांनी एकच गिल्ला केला, "धोंडी आली, धोंडी आली!" मी आबांचं धोतर सोडून जो पळालो तो थेट मेंढ्यांच्या वाड्यात. दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव काढताच मी दाराची चौकट धरून बसलो. आबा म्हणाले, "घाल की त्याला चड्डी-सदरा, लई झालं." माय चुलीपुढे बसून राहिली आणि तिचा हात परातीतल्या पिठात तसाच थांबला होता, ते मला अजून दिसतं. माझं शिकणं एका बाजूला आणि माझं जगणं दुसऱ्या बाजूला, असं तिच्यापुढे मांडलं गेलं होतं. शेवटी ती म्हणाली, "शिकला न्हाई तरी चालंल. जगला तर मेंढ्या तरी राखील."

त्या आठवड्याच्या बाजाराला माय मला घेऊन बाईंच्या ओसरीवर गेली ती नवा झगा शिवायला. पिशवीत छीट होतं, तांबड्या फुलांचं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबामागे तोंड लपवलं होतं.

"हे काहून रुसलं?"

मायने सगळं सांगितलं. बाईंनी मशीन थांबवून ऐकून घेतलं. हे घर बौद्धांचं. बाईंचे यजमान प्राथमिक शाळेत गुरुजी, विहारात दर आठवड्याला बोलायचे, आणि नवस-सायास, अंगारे-धुपारे यांच्यावर त्यांची जीभ विळ्यासारखी चालायची. बाईंचाही यातल्या कशावर विश्वास नव्हता. पण मायला त्यांनी त्या दिवशी काही शिकवलं नाही. टेप गळ्यात अडकवला, मला खांबामागून ओढून काढलं आणि माप घेता घेता मायला विचारलं, "अनुसाबाई, देवीला झगा पायजे की छीट पायजे?"

"म्हंजे?"

"म्हंजे फुलं अंगाला लागली तर चालतंय का? का लोकांना दिसलीच पायजेत?"

मायने विचार केला. "देवीला ठाऊक असलं म्हंजे झालं," ती म्हणाली.

"मग बसा."

बाईंनी जे शिवलं त्याला आमच्या गावात नाव नव्हतं. बाहेरून गडद हिरवं जाड कापड, गळा बंद, पुढे पितळी बटणांची ओळ, गुडघ्याच्या खाली येणारा घेर आणि कमरेला त्याच कापडाचा पट्टा. आतून मात्र सगळीकडे तांबड्या फुलांच्या छिटाचं अस्तर. घेर होता म्हणून मायच्या दृष्टीने तो झगाच होता. बटणं आणि पट्टा होता म्हणून माझ्या दृष्टीने तो कोट होता. "फुलं आतून, बटणं बाहेरून," बाई म्हणाल्या. "आणि खाली चड्डी घाल रे. देवी काय वाकून बघत न्हाई." मायने जीभ चावली, दोन्ही गालांवर हात मारून घेतले, आणि मग तोंडाला पदर लावून हसली. माझ्या शाळेच्या भानगडीत ती हसलेली मी प्रथमच पाहत होतो.

शाळेच्या फाटकाशी पोरं पुन्हा जमली. एकाने विचारलं, "ह्यो कसला झगा रं?" मी म्हणालो, "कोट हाय. पोलिसाचा." पितळी बटणं उन्हात चमकत होती. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, पण पट्टा ओढून पाहायला सगळ्यांनी नंबर लावले. दिवाळीच्या आत गावातल्या दोन-तीन पोरांनी घरी हट्ट धरला आणि त्यांच्या आया बाईंकडे 'धोंडीसारखा' कोट शिवायला गेल्या. हे कळलं तेव्हा माय घाबरून बाजारादिवशी बाईंकडे धावली. "बाई, समदी पोरं असंच घालाया लागली, तर देवीला कसं कळायचं ह्ये माझं पोर पोरगी हाय म्हणून?" बाईंनी मशीन थांबवलं आणि अगदी गंभीर तोंड करून सांगितलं, "आतून छीट फक्त तुमच्याच लेकराला लावलंय, अनुसाबाई. बाकीच्यांना साधं मांजरपाट." मायचं समाधान झालं. ही गोष्ट बाई पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या, आणि सांगताना मायची थट्टा कधीच करायच्या नाहीत. उलट म्हणायच्या, "बराबर होती तिची शंका. एवढी बारीक शंका माझ्या वर्गातल्या पोरींना येत न्हाई."

दर बाजाराला मी बाईंच्या ओसरीवर असायचो. माय शेळ्यांच्या बाजारात उभी असे, तोवर मला तिथे सोडून जाई. बाई कपड्याचा नमुना आधी वर्तमानपत्रावर आखायच्या आणि मग कापायच्या. कापण्याआधी ते पान त्या पूर्ण वाचून घेत. कातर हातात, चष्मा नाकावर, आणि समोर ताटकळलेलं गिऱ्हाईक. उरलेले कागद मला मिळत. त्यांत बातमीच्या ऐन मधोमध बगलेचा गोल कापलेला असे. अक्षरं लावत लावत मी त्या गोलाच्या काठापर्यंत पोचायचो आणि विचारायचो, "बाई, पुढं काय झालं?" त्यांना पाठ असे. त्या सांगत. कधी विसरल्या तर म्हणत, "पुढचं त्या पोराच्या बगलेत गेलं, त्याला विचार." मला पूर्ण पानांची ओढ लागली ती तिथे. पुढे ग्रंथपाल झालो तेव्हा बाई सगळ्यांना सांगत, "मी ह्याला अर्धंच वाचायला दिलं, म्हणून हा एवढा वाचतो."

दिवस गेले तसा माझा कोट आखूड होत गेला. एकदा गुडघ्याखाली होता, मग गुडघ्यावर आला, मग आणखी वर. मी वाढत होतो हे एक कारण, पण खालची कडही हळूहळू आत दुमडली जात होती. कापड कुठेच कापलेलं नव्हतं. नुसतं आत घेऊन हातशिलाई घातलेली, त्यामुळे कड जड झाली होती आणि पळताना मांड्यांवर आपटायची. माझी तेव्हापासून पक्की समजूत होती की बाई मायच्या नकळत, बोट बोट करत, माझा झग्यातून सदरा करत आहेत. अतिशय हुशारीने फसवत आहेत. पुढे मोठेपणी मी ही गोष्ट दोन-तीन व्याख्यानांत तशीच सांगितली आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

दुसरीत असताना मला मुदतीचा ताप आला. उतरेचना. मायला वाटलं, कोट आखूड झाला, देवीला कळलं. एका दुपारी आबांनी मला खांद्यावर टाकलं आणि माय कोट छातीशी धरून पुढे पळत निघाली. दवाखान्याकडे न जाता ती बाईंच्या ओसरीवर आली. मी ग्लानीत होतो. मला फक्त तुकडे आठवतात. मायचा आवाज : "उसवा बाई, समदं उसवा, पयल्यावानी करा." मग गुरुजींचा आवाज, दारातून : "वत्सला, आपण हे सगळं सोडलं ना? आणि तू देवीसाठी शिलाई उसवून राहिली?" बाई म्हणाल्या, "देवीसाठी न्हाई. त्या माउलीचे हात कसे थरथरून राहिले ते बघा आधी." मग त्या मायकडे वळल्या. "अनुसाबाई, उसवते. टाका न् टाका उसवते. पण ह्या पावली पोराला दवाखान्यात न्यायचं. कोटासाठी इथं थांबायचं न्हाई. मी मागून घेऊन येते. कबूल?" मायने मान हलवली असावी, कारण यानंतर मला आठवतो तो सायकलचा दांडा. गुरुजींनी मला सायकलवर पुढे बसवलं होतं आणि एका हाताने धरलं होतं. वाटभर ते पुटपुटत होते, बहुधा बाईंच्या नावाने.

बाई खरंच मागून आल्या. पूर्ण लांब केलेला कोट त्यांनी दवाखान्याच्या चादरीवरून माझ्या अंगावर घातला, फुलं आत ठेवून. माय खाली फरशीवर बसली होती. ती उठून खाटेवर बसली. डॉक्टर काय म्हणतात ते त्यानंतर तिने ऐकून घेतलं. मी बरा झालो. कशाने, यावर आमच्या घरात आणि बाईंच्या घरात कधी वाद झाला नाही. सलाईनवर गुरुजींचा विश्वास होता, कोटावर मायचा, आणि बाई दोघांनाही चहा देत होत्या.

खूप वर्षांनी मुलांच्या कपड्यांच्या इतिहासावरचं एक जाडजूड परदेशी पुस्तक आमच्या ग्रंथालयात आलं. चाळताना एका चित्रापाशी थांबलो. तिकडेही पूर्वी लहान मुलगे फ्रॉकमध्येच वाढत, आणि फ्रॉक सुटल्यावर पँट मिळेपर्यंत मधली काही वर्षं त्यांना गुडघ्यापर्यंतचा, पट्ट्याचा, बटणांचा ट्युनिक घालत. चित्रातला मुलगा म्हणजे हुबेहूब मी. फक्त तो गोरा होता आणि त्याच्या हातात चाकाचं खेळणं होतं. त्या पानाची प्रत काढून मी बाईंकडे नेली. त्यांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. मग सांगितलं की नांदेडला शिवणाचा कोर्स करताना त्या ज्या घरी राहायच्या, तिथल्या भिंतीवर निजामाच्या काळातल्या कुणा अंमलदाराच्या मुलाचा फोटो होता. लांब कोट, पट्टा, बटणं. "रोज जेवताना समोर तेच पोरगं. म्हणलं हे कधीतरी कामाला येईल." म्हणजे तिकडून साहेबांकडे, साहेबांकडून अंमलदाराकडे, त्याच्या भिंतीवरून बाईंकडे आणि बाईंकडून मेंढ्यांच्या वाड्यात... मी त्या विचारात होतो आणि बाई अजून चित्रच बघत होत्या.

"त्यांच्या माया बी घाबरत होत्या का रे?"

मी म्हणालो, पुस्तकात तसं काही नाही. धुवायला सोपं, वाढत्या अंगाला सोयीचं, अशी कारणं दिली आहेत.

"लिहिणारा बाप्या असंल," बाई म्हणाल्या आणि प्रत घडी घालून नोट ठेवावी तशी ब्लाउजमध्ये ठेवली.

शेवटची भेट त्या जाण्याच्या थोडेच दिवस आधीची. ओसरीवर कोवळ्या उन्हात बसल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. "माय कशी हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न नेहमीचा. बोलता बोलता मी म्हणालो, "बाई, तुम्ही मायला न कळू देता कोट आखूड केला नसता तर..." त्या हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

"फसवलं? तुझ्या मायला? तिला फसवणारा अजून जलमायचा हाय." मग पाणी पिऊन त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझा दात पडला की मी तो मायकडे देत असे. ती म्हणे, देते कौलावर टाकून. टाकत नसे. पदराच्या गाठीत बांधून बाजाराच्या दिवशी बाईंच्या मशीनच्या फळीवर ठेवत असे. "म्हणायची, बाई, हा पडला. बोटभर घ्या. मी म्हणलं, अनुसाबाई, नवस तर सगळे दात पडेस्तोवरचा. तर म्हणे कशी, देवी बी बाईच हाय, व्यवहार जाणते. जेवढे दात पडले तेवढा नवस फिटला..."

"आणि तापानंतर?"

"तापानंतर कितीतरी दिवस आली न्हाई. मग एका बाजाराला आली, कोट घेऊन. दात ठेवला फळीवर. मी म्हणलं, आता माझा हात न्हाई लागायचा. उद्या पुन्हा ताप आला तर पुन्हा मला उसवावं लागंल, आणि गुरुजी मला घराबाहेर काढतील." त्या पुन्हा हसल्या. "सुई दिली तिच्या हातात. म्हणलं भीती तुमची होती, तर धीर बी तुमचाच पायजे. लई वेळ बसली सुई घेऊन, इथं, तुझ्या जागेवर. मग घातला एक टाका."

बाईंसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मिलिंदने मला आत बोलावलं. मशीन खिडकीपाशी होतं तसंच होतं. त्याचा खण त्याने ओढला. तेलाची कुपी, बॉबिनं, खडूचे तुकडे, तेलाने काळी पडलेली फडकी, आणि सर्वांत खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागदाच्या मधोमध बगलेचा गोल कापलेला होता. त्या गोलातून हिरवं कापड दिसत होतं. "हा तुमचा ना, दादा? आई कुणाला हात लावू देत नव्हती. घेऊन जा," मिलिंद म्हणाला. मी घेऊन आलो. मला वाटलं मायला आनंद होईल.

मायला आता नीट दिसत नाही. कोट मांडीवर घेऊन तिने आधी बटणं चाचपली, मग कड हातात धरली आणि अंगठ्याने एक एक दुमड मोजल्यासारखी चाचपत गेली. "बाईनं घातलेलं समदं तिनंच उसवलं हुतं. ह्ये मागनं घातलेलं, ही माझी शिलाई," ती म्हणाली. खरंच तिथे टाके लांब लांब, वाकडे, घोंगडीला घालतात तसे होते. मग तिने मान वर केली. "पर ह्यो हिकडं कसा आला?"

"मिलिंदनं दिला."

"दिला आन् तू आणला?" तिचा आवाज चढला. "आरं, नवस फिटला की शेवटचं कापड देवीला वाहायचं असतंय. झगे म्या देवीच्या झाडाला बांधले. ह्यो न्हाई बांधला. ह्यो म्या बाईला वाहिला."

मी विचारलं, "बाईंना तसं सांगितलं होतंस?"

"येडा हायेस का? तसं म्हणलं असतं तर तिनं घेतला असता व्हय? म्या म्हणलं, जुनं कापड हाय बाई, मशीन पुसायला हुईल." कोटाची घडी घालत ती म्हणाली, "वाहिलेलं माघारी आणत न्हाईत. जा, ठिवून यी."

पुढच्या बाजाराला मी कळमनुरीला गेलो. मिलिंदची बायको मशीनवर नातवाची चड्डी शिवत होती. तिने उठून मला जागा दिली. खण उघडला. खिडकीतून ऊन येत होतं. ठेवण्याआधी मी कोट बाईंसारखा उजेडात धरला, बाहेरून, मग उलटून आतून, फुलं दिसतील असा. मशीन पुसायला दिलेल्या त्या कापडावर, तेलाच्या कुपीशेजारी इतकी वर्षं राहूनही, तेलाचा एकसुद्धा डाग नव्हता... मी तो पुन्हा त्याच कागदात गुंडाळला आणि काळ्या फडक्यांच्या खाली ठेवून खण लावला.